पिंप्राळ्याची मेट्रो आणि तिच्या तीन ट्राम

जळगावात मेट्रो नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण जळगावातल्याच आमच्या पिंप्राळ्यात ती दहा दिवस धावली आणि ती मी धाववली. तिला जोडून तीन ट्रामही होत्या. ज्या गावात स्टेशनला जायचं म्हटलं तर रिक्षावाला चौथा माणूस मिळेपर्यंत हँडलवर डोकं टेकून बसतो, त्या गावात दर दोन मिनिटांनी गाडी सुटत होती. आमच्या गणपती मंडळाच्या मांडवात, बारा फुटी टेबलावर.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं डाळ मिलमध्ये लागलो आणि फिटर होऊनच बाहेर पडलो. मिलमधली चाळणी, एलिव्हेटर, पट्टे, बेअरिंग हे माझ्या हाताखालून गेलं. मिल सुटली, पण हात स्वस्थ बसेना. म्हणून मंडळाचा चलत देखावा मी करायला घेतला. कधी हलणारा गजेंद्र, कधी समुद्रमंथन, कधी विहिरीवरची मोट. दरवर्षी गणपतीत माणसं लांबून बघायला यायची आणि म्हणायची, आबांनी केलंय. ते ऐकायला मी मांडवाच्या मागच्या बाजूला उभा राहायचो. तिथून चांगलं ऐकू येतं.

गेल्या पावसाळ्यात मंडळाचा अध्यक्ष बदलला. नवा अध्यक्ष मोबाइल दुरुस्त करतो, पोरगेला आहे, पण बोलणं मंत्र्यासारखं. त्यानं बैठकीत मोबाइलवर परदेशातलं एक स्टेशन दाखवलं. जमिनीखालून मेट्रो येते, माणसं सरकत्या जिन्यानं वर येतात, आणि वर चौकात तीन बाजूंनी ट्राम उभ्या.

"यंदा हे करायचं," तो म्हणाला. "आबा, तुम्ही मेट्रो पाहिलीय?"

"पाहिलीय की," मी म्हणालो.

इथं खरं सांगून टाकतो. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मुलीकडं पुण्याला गेलो होतो, तेव्हा मेट्रोचे खांब पाहिले होते. वरून काहीतरी गेल्याचा आवाजही झाला होता. खांब पाहिले, आवाज ऐकला, मग पाहायचं राहिलं काय? ट्राम मात्र मी खांबाइतकीही पाहिली नव्हती. पण ते कुणी विचारलं नाही.

अध्यक्ष म्हणाला, "धुळ्याचे एक डेकोरेटर आहेत. फायबरचा तयार देखावा देतात. बटण दाबलं की चालू. आबांना आता त्रास कशाला?"

धुळ्याचा डेकोरेटर म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे नाना म्हणतात. माझ्याच मिलमध्ये माझ्याच हाताखाली तो पाना धरायला शिकला आणि पुढं धुळ्याला जाऊन फायबरचे हत्ती विकायला लागला. माझ्या देखाव्यातला हत्ती सोंड हलवायचा. त्याचा हत्ती नुसता चकचकायचा. पण लोकांना हल्ली चकचकीत लागतं.

मी उभा राहिलो. गुडघा कटकन वाजला, तरी राहिलो. "मेट्रो मी करतो. चतुर्थीला उद्घाटनाच्या वेळी चालली तर काम माझं. नाही चालली तर दुसऱ्या दिवशी धुळ्याहून टेम्पो बोलवा आणि पुढच्या वर्षापासून मला विचारायलाही येऊ नका."

"आबा, असं काही नाही हो…"

"लिहून घ्या," मी म्हणालो. आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं. तेवढं काही मला अपेक्षित नव्हतं.

घरी सांगितलं तर आमच्या घरातली हसली. ती धुळ्याकडची, तिची बोली अजून तिकडचीच. "तुम्ही मेट्रो कव्हय देखी?"

"पुण्याला."

"खांब देखा व्हता. खांब देखा म्हंजे गाडी देखी का?"

मी जेवण झाल्यावर उत्तर देईन म्हणालो. अजून दिलेलं नाही.

कामाला लागलो. मिलच्या शेठजींकडं गेलो. मारवाडी माणूस, वापर नसलेली वस्तू कधी टाकत नाही आणि कधी देतही नाही. पण गणपतीसाठी म्हटल्यावर त्यांनी भंगारातून आठ फुटांचा एक जुना शाफ्ट काढून दिला, चार पुल्या दिल्या, आणि उद्घाटन आपल्याच हस्ते होईल हे बोलून घेतलं. त्या शाफ्टवर मी स्वतः वीस वर्षं तेल घातलं होतं. हात लावल्याबरोबर त्यानं ओळख दिली, असं मला वाटलं. घरी बोललो नाही, कारण घरी असल्या गोष्टींना हसतात.

मिलचा जुना कायदा असा: मोटर एक, शाफ्ट एक, आणि त्यावर पट्टे टाकून सगळी मिल फिरवायची. चाळणी फिरते तेव्हा एलिव्हेटरही फिरतो, कुणी रिकामं बसत नाही. मीही तसंच केलं. टेबलाखाली शाफ्ट, मोठी पुली मेट्रोला, तीन लहान पुल्या तीन ट्रामला. गाड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या, चाकं बेअरिंगची, रूळ पडद्याच्या पट्ट्यांचे. मेट्रो खालच्या मजल्यावर होती, म्हणून समोर तिरपा आरसा लावला, म्हणजे लोकांना वाकावं लागू नये. सरकत्या जिन्याला मी मिलचा एलिव्हेटरच लावला. डबे काढले, पायऱ्या बसवल्या. पूर्वी डाळ चढायची, आता माणसं चढणार. फरक काही फार नाही.

माणसं आमच्या घरातलीनं केली. चिंध्यांची, बोटाएवढी. पुरुषांना टोप्या, बायांना पदर, दोघींच्या हातात पिशवी. अध्यक्ष बघायला आला आणि म्हणाला, "आबा, मेट्रोत अशी माणसं नसतात."

"मग कशी असतात?"

"पाठीवर बॅग. कानात वायर."

"पाठीवर बॅग घेतली तर पिशवी कुठं धरायची?"

त्यानं तो मुद्दा सोडला. दुसरा काढला. "आणि हा दारातला माणूस कोण?"

"कंडक्टर."

"मेट्रोत कंडक्टर नसतो. कार्ड टेकवायचं, फाटक उघडतं."

"कार्ड नसलं तर?"

"उघडत नाही."

"आणि उतारू अडून बसला तर त्याच्याशी भांडायचं कुणी?"

कंडक्टर राहिला.

मोठा वाद झाला तो वेळेवरून. सगळं एका शाफ्टवर असल्यामुळं मेट्रो स्टेशनात आली की तिन्ही ट्रामही त्याच वेळी चौकात येऊन उभ्या राहायच्या. अध्यक्ष म्हणाला, "खऱ्या शहरात असं होत नाही आबा. मेट्रोतून उतरून वर येईपर्यंत ट्राम निघून जाते. मग पुढच्या ट्रामची वाट बघायची."

"उतारू यायच्या आधी गाडी निघून जाते?"

"हो. वेळ झाली की जाते."

"मग ती गाडी कुणासाठी ठेवलीय?"

एवढं मोठं शहर, जमिनीखाली बोगदे खणले, आणि उतारूसाठी दोन मिनिटं थांबायची अक्कल नाही. आमचा रिक्षावाला अडाणी, पण माणूस घेतल्याशिवाय हलत नाही. मी सांगितलं, माझ्या स्टेशनात एकही उतारू मागं राहणार नाही. आणि दहा दिवसांत एकही राहिला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मोटर लावून बघितली. मेट्रो आली, ट्राम आल्या, जिना चढला, माणसं वर आली. मी तीनदा चालवली. चौथ्यांदा नुसती बघत बसण्यासाठी चालवली.

चतुर्थीला दुपारी नाना धुळ्याहून आला. टेम्पो घेऊन. मांडवासमोर टेम्पो उभा केला आणि घरी येऊन पाटावर बसला.

"टेम्पो कशाला आणला?" मी विचारलं.

"अक्कानं मांडे खायला बोलावलं."

"मांडे काय टेम्पोत भरून न्यायचेत?"

"मोटारसायकलला पंक्चर आहे, आबा," तो म्हणाला आणि पानात वाकून खीर वाढून घेतली. चेहरा असा की, ह्यानं जन्मात फायबरचा हत्ती विकला नसेल. माझ्या बायकोनं त्याला तिसरा मांडा वाढला. मला दुसरा विचारला नव्हता. मी समजायचं ते समजलो. टेम्पो दुसऱ्या दिवशी बोलवायचा होता, हा आदल्या दिवशीच येऊन उभा होता.

दिवेलागणीला उद्घाटन. शेठजी आले, आरती झाली, अध्यक्षाचं भाषण झालं. त्यात आधुनिक, स्मार्ट, जागतिक असे शब्द आले आणि प्रत्येक शब्दावर मागच्या रांगेतून टाळी पडली. मग शेठजी बटणाकडं गेले. मी म्हणालो, "थांबा. लिंबू राहिलं."

नवी गाडी पहिल्यांदा हलताना चाकाखाली लिंबू ठेवतात. ट्रॅक्टर असो, रिक्षा असो, पोराची सायकल असो. मिलमध्ये मी मोठ्या पुलीखालीसुद्धा ठेवायचो. त्यात कधी चूक झाली नाही आणि कधी अपघातही झाला नाही.

"आबा, ही शोभेची गाडी आहे," अध्यक्ष कानात म्हणाला.

"चाक आहे ना? मग लिंबू पाहिजे."

चार गाड्या, चार लिंबं. आमच्या घरातली बायकांच्या रांगेत होती. तिनं तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लिंबू चाकपेक्षा मोठं शे!"

बायका हसल्या. मी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. हसलेल्यांकडं बघून चौथं जरा दाबूनच ठेवलं.

शेठजींनी बटण दाबलं. मेट्रोनं आपलं लिंबू बाजूला ढकललं. पहिल्या ट्रामनं ढकललं, दुसरीनंही ढकललं. तिसरीच्या चाकाखाली मी दाबून ठेवलेलं लिंबू चाक आणि रूळ यांच्या मधे जाऊन बसलं. ट्राम थांबली. ट्राम थांबली म्हणून शाफ्ट थांबला, शाफ्ट थांबला म्हणून बाकीच्या दोन ट्राम, जिना आणि मेट्रो, सगळं एका क्षणात थांबलं. मिलच्या कायद्याप्रमाणे. मोटर घुमली, पट्टा घसरला, जळका वास आला आणि मोटर गप्प झाली. वासावरूनच कळलं, आता ती बोलणार नाही.

लोकांना वाटलं, देखावा असाच आहे. ते बघत राहिले. मला माइक दिसला. मी तो उचलला आणि म्हणालो, "मेट्रो स्टेशनात उभी आहे. उतारू चढत आहेत."

लोक बघत राहिले. अध्यक्ष जवळ सरकला. "आबा, किती वेळ चढणार?"

"सणाची गर्दी आहे," मी माइकवरच सांगितलं.

शेठजी घड्याळ बघायला लागले. अध्यक्षानं खिशातला फोन काढला. तो धुळ्याला लावण्याची गरज नव्हती, धुळं बाहेर टेम्पोसकट उभं होतं. मी पुन्हा म्हणालो, "उतारू अजून चढत आहेत." मिल सुटली त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना पाय कुठं न्यायचे ते कळेना, तसं आता हातांचं काय करायचं ते कळेना. उद्यापासून मांडवाच्या मागं उभं राहायला काही कारण उरणार नव्हतं.

आणि मेट्रो हलली.

हळू, एक हिसका खाऊन, पण हलली. ट्राम हलल्या, जिना चढायला लागला, टोपीवाली माणसं वर यायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोटर तर मेलेली! मी माइक हातात ठेवूनच टेबलाचा पडदा जरासा वर केला.

खाली नाना आडवा पडला होता. सदरा काढून ठेवलेला, बनियनवर. मोटरचा पट्टा उतरवून त्यानं मोठी पुली दोन्ही हातांनी धरली होती आणि फिरवत होता. शेजारी लिंबू पडलं होतं, पेचकसानं उकरून काढलेलं.

"नाना!" मी कसाबसा बोललो.

"आबा, बोलत ऱ्हा," तो धापा टाकत म्हणाला. "मले वरलं काहीच दिसत नही. तुम्ही 'आली' म्हनात का मी थांबस. 'निघाली' म्हनात का फिरावस."

मी उभा राहिलो आणि माइकवर म्हणालो, "मेट्रो स्टेशनात आली." थांबली. "मेट्रो निघाली." निघाली. माझ्या शब्दाबाहेर इंचभरही गेली नाही. शेठजी म्हणाले, "वा आबा, सांगाल तसं ऐकते." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन वाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार गणपतीसाठी गावी गेलेला. पाटी होती, विसर्जनानंतर. भाड्यानं एक मोटर आणली, ती अशी पळाली की दुसऱ्या फेरीला एक ट्राम उतारूंसकट आरतीच्या ताटात. तेव्हा नाना म्हणाला, "राहू द्या आबा. हातानंच बरं." आणि राहिला. टेम्पो तसाच उभा. रोज संध्याकाळी दोन तास तो खाली, मी वर. मधे पंधरा मिनिटं आमच्या घरातली त्याला चहा देण्याच्या निमित्तानं पडद्याखाली जायची. तेवढ्या वेळात मेट्रो जरा वेगळी चालायची. पुढं मला कळलं की तेवढा वेळ पुली ती फिरवायची.

लोक म्हणायचे, आबांनी यंदा कमाल केली. मेट्रो कधी जोरात येते, कधी दमून येते, अगदी जिवंत वाटते. मी ऐकायचो. मागच्या बाजूला जाऊन ऐकायला वेळ नव्हता, माइक सोडता येत नव्हता.

दहाव्या दिवशी विसर्जनाआधी माझा सत्कार ठरला. हार, शाल, नारळ. निघताना मी आरशासमोर टोपी नीट करत होतो, तर मागून आवाज आला.

"दहा दिन व्हई ग्यात, मना भाऊ खाले पडेल शे. आनि हार तुमना गळामा."

"देखावा माझाच आहे," मी म्हणालो.

"लिंबूबी तुमनंच व्हतं."

मी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तिला आणखी काही बोलायचं असेल म्हणून थांबलो. ती भाकरी थापत राहिली. मला तिचं बोलणं सोसतं. गप्प राहणं मात्र सोसत नाही, आणि ते तिला माहीत आहे.

मांडवात अध्यक्षानं हार उचलला. मी हात आडवा केला आणि माइक घेतला. मोठ्या माणसांसमोर मी कधी वाकलो नाही, आणि चूक कबूल करायची सवय तर घरातही नाही. त्यामुळं माइकवर दोनदा टिचकी मारून बघितली.

"ऐका," मी म्हणालो. "ही मेट्रो चतुर्थीलाच बंद पडली होती. मोटर जळली, माझ्या लिंबामुळं. दहा दिवस ती माझा मेहुणा हातानं फिरवतोय. आत्ता तो खाली आहे."

सगळा मांडव हसायला लागला. मला वाटलं, थट्टा समजले. म्हणून पुन्हा सांगितलं, अधिक जोरात. ते अधिक जोरात हसले. खाली पुली थांबली होती. पडदा हलत होता, म्हणजे खालीही कुणी हसत होतं.

अध्यक्ष डोळे पुसत म्हणाला, "आबा, नानांचे पाय पहिल्या दिवसापासून पडद्याबाहेर आहेत. अख्ख्या पिंप्राळ्याला माहीत आहे. पोरं तर मेट्रो बघायला येतच नव्हती, पाय बघायला यायची. मेट्रो निघाली की अंगठा हलतो."

मी पडद्याकडं बघितलं. दोन पाय होते. टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याला नीट बघितलं तर कुणीतरी कुंकूही लावलेलं. दहा दिवस मी वरून बघत होतो, म्हणून मला तेवढेच दिसले नव्हते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"अट काय लिहिली होती? चालली तर. चालली की. कुणी चालवली ते लिहायचं तुम्हीच विसरलात." मग तो जरा सरळ आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षी काम दोघांना देऊ. एकट्याला नाही. एकटे तुम्ही लिंबू ठेवाल आणि एकटे ते हत्ती आणतील."

हार त्यानं माझ्या गळ्यात घातला. शाल खाली वाकून पडद्याआत सरकवली. आतून हात आला आणि शाल घेऊन गेला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सामान काढलं. नाना शाफ्ट उचलून टेम्पोकडं निघाला.

"कुठं नेतोस?"

"धुळ्याला. तिथं माझ्याकडं जागा आहे. नवी मोटर बसवतो, गिअर टाकतो. इथं तुमच्या अंगणात गंजेल."

"शाफ्ट माझा आहे."

"शाफ्ट शेठजींचा आहे, आबा."

"तेल माझं आहे."

तो शाफ्ट खांद्यावर तसाच घेऊन उभा. मला कळत होतं, शाफ्ट धुळ्याला गेला की काम धुळ्याला गेलं. दोघांना म्हटलं तरी जिथं शाफ्ट तिथं देखावा. नाही म्हणावं तर अंगणातल्या पत्र्याखाली तो खरंच गंजणार, हेही कळत होतं. गंजलेला शाफ्ट मला बघवत नाही.

"ने," मी म्हणालो. "पण मी बरोबर येतो. मोटर बसेपर्यंत तिथंच राहतो. गिअर कुठला टाकायचा ते मी सांगणार."

"गुडघा?"

"गुडघाही येईल."

मी पिशवी आणायला घरात गेलो. परत आलो तर पुढच्या सीटवर आमच्या घरातली बसलेली. मांडीवर डबा, काचेतून समोर नजर.

"तू कुठं?"

"माहेर मनं शे, तुमनं नही," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

म्हणून मी मागं चढलो. शाफ्ट एका बाजूला, मेट्रो दुसऱ्या बाजूला, मधे स्टेशन. त्याच्या फलाटावर बसलो. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. पारोळ्याला नाना चहाला थांबला तेव्हा टपरीवरच्या माणसानं मागं डोकावून बघितलं. पत्र्याच्या गाड्या, टोपीवाली चिंध्यांची माणसं आणि त्यांच्यात मी.

"काय घेऊन चाललात आबा?"

"मेट्रो," मी म्हणालो. "आणि तीन ट्राम."

"धुळ्याला मेट्रो व्हणार?"

"व्हईल," नाना पुढून म्हणाला. "मी करतोय."

"आम्ही करतोय," मी मागून ओरडलो. चहा दोघांना एकाच वेळी आला.